बहुमत मोठे होते, अध्यक्षही मोठे होते

संसदेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरल्यासारख्या बोलल्या जातात. एकाच पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले की संसदेचा प्राण जातो, ही एक. आणि पूर्वीची माणसेच वेगळी होती, आता तसे लोक कुठे राहिले, ही दुसरी. पहिल्या लोकसभेचे कामकाज आणि तिच्यातली माणसे जवळून पाहिली की दोन्ही समजुतींना तडा जातो. त्यातली दुसरी मला जास्त घातक वाटते. माणसेच थोर होती म्हटले की आपली जबाबदारी संपते, आणि सुटतो तो आजच्या सभागृहाला नियमात बांधण्याचा प्रश्न.

आधी आकडे पाहू. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चार महिने चाललेली पहिली सार्वत्रिक निवडणूक संपली तेव्हा ४८९ निर्वाचित जागांपैकी ३६४ काँग्रेसकडे होत्या. मते साधारण ४५ टक्के, जागा मात्र तीन-चतुर्थांशाला टेकलेल्या. दुसऱ्या क्रमांकावर १६ जागांचे कम्युनिस्ट, मग १२ समाजवादी, ९ किसान मजदूर प्रजा पक्षाचे. जनसंघ ३. सरदार पटेल १९५० मध्ये गेले होते आणि नेहरूंच्या शब्दाला पक्षात अडवील असे कोणी उरले नव्हते. असे सभागृह सरकारच्या खिशात जायला वेळ लागत नाही. हे गेले नाही. १३ मे १९५२ रोजी पहिली बैठक झाली आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये विसर्जन होईपर्यंत लोकसभा ६७७ दिवस बसली, म्हणजे वर्षाला सरासरी १३५ दिवस. २०१९ ते २०२४ या काळातली सतरावी लोकसभा पाच वर्षांत २७४ दिवस बसली.

त्या सभागृहात कोण होते? जवळजवळ एक-तृतीयांश वकील. तुरुंगात जाऊन आलेले कितीतरी. कन्नूरहून आलेले ए. के. गोपालन, कलकत्त्याचे हिरेन मुखर्जी, जनसंघाचे श्यामाप्रसाद मुखर्जी, हिंदू महासभेचे एन. सी. चॅटर्जी, आदिवासींचा आवाज असलेले जयपालसिंग, अपक्ष म्हणून निवडून आलेले शास्त्रज्ञ मेघनाद साहा, नवी दिल्लीतून काँग्रेसविरोधात जिंकलेल्या सुचेता कृपलानी. नलगोंडाहून रवी नारायण रेड्डी आले ते तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातून. आपल्या भागातून पुण्याचे काकासाहेब गाडगीळ आणि इंदिराबाई मायदेव, नागपूरच्या अनसूयाबाई काळे, कुलाब्यातून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. सोलापूर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता आणि तिथून काँग्रेसबाहेरचे दोघे निवडून आले होते: शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज.

आणि कोण नव्हते हेही सांगायला हवे. ज्यांच्या हातून राज्यघटनेचा मसुदा उतरला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लोकसभेत नव्हते. मुंबई शहर उत्तर मतदारसंघात काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. बाबासाहेब राज्यसभेत बसले, पण लोकांनी थेट निवडलेल्या पहिल्या सभागृहाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. स्त्रियांची संख्या जेमतेम दोन डझन होती. त्याच निवडणुकीत उत्तरेकडच्या राज्यांतल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे मतदारयादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते. तेव्हा हे सभागृह सोन्याचे होते असे म्हणायचा माझा विचार नाही. त्याच्या उणिवांतून जेवढे शिकता येते तेवढे त्याच्या कौतुकातून येत नाही.

तरी एक दृश्य नीट पाहण्यासारखे आहे. १५ मे १९५२, अध्यक्षाची निवड. नेहरूंनी गणेश वासुदेव मावळणकरांचे नाव मांडले, सत्यनारायण सिन्हांनी अनुमोदन दिले. विरोधकांच्या वतीने गोपालन यांनी नाव पुढे केले ते सोलापूरच्या मोऱ्यांचे. एकीकडे रत्नागिरीकडचे मूळ असलेले, बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादचे वकील दादासाहेब मावळणकर आणि दुसरीकडे शेकापच्या संस्थापकांपैकी एक शंकरराव मोरे. लोकांनी निवडलेल्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी समोरासमोर आलेले दोघेही मराठी, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. निकाल कोणालाच नवा नव्हता: ठराव ३९४ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झाला. त्या ३९४ मध्ये एक मत खुद्द मोऱ्यांचे होते. प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना मत द्यावे ही संसदीय रीत, म्हणून त्यांनी मावळणकरांना मत दिले.

हरणार हे ठाऊक असताना लढायचे कशासाठी? मला त्यात मोठे शहाणपण दिसते. निवडणूक लढवून विरोधकांनी सांगितले की अध्यक्ष ही बहुमताने परस्पर द्यायची नेमणूक नाही, तो सभागृहाचा निर्णय आहे आणि आम्हीही सभागृह आहोत. मग मोऱ्यांनी मत देऊन सांगितले की निवड झाल्यावर तो माणूस आमचाही आहे. आधी विरोध, मग विश्वास. आज दुसरी पायरी कोणी चढत नाही, कारण पहिल्या पायरीनंतर विश्वास ठेवावा असे पुढे फारसे घडत नाही.

मावळणकर या खुर्चीवर अचानक आलेले नव्हते. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे ते अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी सरकारी पाठिंब्याचे उमेदवार सर कावसजी जहांगीर यांना ६६ विरुद्ध ६३, अवघ्या तीन मतांनी हरवले. सत्तेच्या उमेदवाराला हरवून खुर्चीवर बसलेला हा माणूस पुढे स्वतःच्या पक्षाचे सरकार असताना त्याच खुर्चीवर दहा वर्षे होता. घटना समितीच्या कायदेमंडळाचे, मग हंगामी संसदेचे, मग लोकसभेचे अध्यक्ष. आजच्या लोकसभेची बरीचशी हाडे या काळातली आहेत. अंदाज समिती १९५० ची. मंत्री सभागृहात आश्वासन देतात आणि विसरतात, म्हणून त्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती १९५३ ची. कायद्याच्या आडून खाती जे नियम करतात ते तपासणारी दुय्यम विधिविधान समितीही त्याच वर्षाची. या समित्या कंटाळवाण्या वाटतात, त्यांच्या बातम्या होत नाहीत. पण सरकार आपल्याला खरोखर घाबरते ते अशाच ठिकाणी: तुम्ही अमुक तारखेला अमुक म्हणाला होतात, त्याचे काय झाले?

मावळणकरांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा ऐवज मला त्यांच्या निवाड्यांपेक्षा त्यांच्या पत्रव्यवहारात दिसतो. संसदेचे अधिवेशन नसताना सरकार वटहुकूम, म्हणजे सभागृहाच्या मंजुरीआधीच लागू होणारे कायदे, काढत असे आणि ते त्यांना खटकत असे. १९५४ मध्ये त्यांनी नेहरूंना लिहिले त्याचा आशय असा: वटहुकूम काढणे लोकशाहीला धरून नाही, अगदी तातडीची निकड असेल तरच ते समर्थनीय. पहिली लोकसभा म्हणून परंपरा घालून देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. प्रश्न आज सरकारात बसलेल्या व्यक्तींचा नाही, पायंड्याचा आहे. हे आत्ताच रोखले नाही तर पुढची सरकारे वटहुकूम काढत राहतील आणि लोकसभेच्या हाती त्यावर शिक्का मारण्यापलीकडे काही राहणार नाही.

स्वतःच्याच पक्षाच्या, देशभर लाडक्या असलेल्या पंतप्रधानाला एका अध्यक्षाने हे लिहिले. आणि लिहिताना तो व्यक्तींवर विसंबून राहू नका असे सांगत होता. पुढे काय झाले तेही आपल्याला माहीत आहे. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम मुदत संपली की पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले, त्यांतले काही तर चौदा वर्षे. हे शोधून काढले पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डी. सी. वाधवा या प्राध्यापकांनी, आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटले. मावळणकरांचे पत्र आणि वाधवांचा शोध यांच्यामध्ये सुमारे तीस वर्षे गेली. इशारा वेळेवर आला होता. पण तो पत्रातच राहिला, नियम झाला नाही.

आता विरोधकांच्या बाजूने पाहू, कारण अध्यक्षाची परीक्षा तिथेच होते. मावळणकर स्थगन प्रस्तावांना, म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा घेण्याच्या मागणीला, क्वचितच परवानगी देत. नाराजी साचत गेली आणि १८ डिसेंबर १९५४ रोजी विघ्नेश्वर मिश्र यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. अध्यक्ष निःपक्षपाती राहिलेले नाहीत, हे त्याचे सार. घटनेच्या ९६ व्या अनुच्छेदाप्रमाणे अशा ठरावाच्या वेळी अध्यक्षाला खुर्चीत बसता येत नाही, म्हणून उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार बसले. नेहरू ठरावावर चिडलेले होते आणि सह्या करणाऱ्यांबद्दल कडक बोलले. पण आपल्या बाकांना त्यांनी सांगितले की हा पक्षाचा प्रश्न मानू नका, व्हिपचे, म्हणजे पक्षादेशाचे, बंधन समजू नका. ठराव पडला, तो पडणारच होता. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तो चर्चेला आला. दोन वर्षांपूर्वी ३९४ मतांनी निवडलेल्या अध्यक्षावर मूठभर सदस्य सभागृहात उभे राहून बोलले आणि आकाश कोसळले नाही. १९६६ मध्ये मधु लिमयांनी हुकुमसिंगांविरुद्ध असाच ठराव आणला तेव्हा तो मांडण्यापुरते ५० सदस्यही उभे राहिले नाहीत.

इथे पहिल्या लोकसभेच्या भक्तांना न रुचणारी एक गोष्ट सांगतो. ११ ऑक्टोबर १९५१. लोकसभा अजून यायची होती, निवडणूक होईपर्यंतची हंगामी संसद बसत होती. हिंदू कोड बिल मागे पडले म्हणून आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले होते आणि राजीनाम्याची कारणे सभागृहात सांगायला ते उभे राहणार होते. खुर्चीत उपाध्यक्ष अय्यंगार. निवेदनाची प्रत आधी द्या, आणि निवेदन आत्ता नाही, संध्याकाळी, असे त्यांनी सांगितले. ज्या मंत्र्याला सरकारविरुद्ध बोलायचे आहे त्याने आपले बोलणे आधी तपासायला द्यायचे, ही अट बाबासाहेबांनी मानली नाही. ते सभागृहातून निघून गेले आणि आपले निवेदन त्यांनी बाहेर प्रसिद्ध केले. विद्वत्तेत, निष्ठेत त्या सभागृहात कुणाला कमी म्हणता येणार नाही. तरी त्या दिवशी खुर्ची सरकारच्या सोयीने वागली, आणि ज्यांच्या बाबतीत वागली त्यांनीच त्या खुर्चीचे अधिकार घटनेत लिहिले होते.

त्याच्या शेजारी १९५६ चा जुलै ठेवा. मावळणकर २७ फेब्रुवारीला अहमदाबादेत वारले होते आणि अय्यंगार अध्यक्ष झाले होते. मुंबई केंद्रशासित राहील असे नेहरूंनी जाहीर केले, चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला आणि २५ जुलैला लोकसभेत निवेदन केले. मंत्रिमंडळात विचार न करता हा निर्णय बेपर्वाईने, घटनाबाह्य रीतीने जाहीर झाला, असे ते पंतप्रधानांच्या तोंडावर म्हणाले. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, त्यात महाराष्ट्राबद्दलचा आकस दिसतो, असेही म्हणाले. नेहरूंना ते झोंबले, त्यांनी आरोप फेटाळले. पण सगळे सभागृहात झाले, कामकाजात नोंदले गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या भाषणाने किती बळ दिले हे जुन्या पिढीला विचारा. देशमुख रस्त्यावरचे पुढारी नव्हते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, मोजून बोलणारे. त्यांना बोलायला जागा मिळाली म्हणून मराठी माणसाचा राग दिल्लीच्या दप्तरात अर्थमंत्र्यांच्या शब्दांत नोंदला गेला.

पाच वर्षांच्या अंतराने दोन मराठी मंत्र्यांचे दोन राजीनामे. एकाला बोलता आले नाही, दुसऱ्याला आले. माणसे तीच, पक्ष तोच, पंतप्रधान तेच. मग फरक कशाने पडला? त्या त्या दिवशी खुर्चीवरच्या माणसाने काय ठरवले, एवढ्यानेच. राजीनामा दिलेल्या मंत्र्याचा बोलण्याचा हक्क एवढ्या नाजूक धाग्यावर लोंबकळत असेल, तर ‘थोर माणसे’ हे उत्तर पुरत नाही.

पहिल्या लोकसभेचे आणखी एक वैशिष्ट्य विसरून चालणार नाही: साध्या सदस्याला तिथे काम करता येत असे. टिहरी-गढवालच्या अपक्ष खासदार राजमाता कमलेंदुमती शाह यांनी अनाथ मुले आणि निराधार स्त्रिया यांच्या संस्थांना परवाने सक्तीचे करणारे खासगी (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) विधेयक आणले. ते मंजूर होऊन १९५६ मध्ये कायदा झाला. फिरोज गांधींनी आणलेल्या विधेयकामुळे त्याच वर्षी संसदेतल्या भाषणांचे खरे वृत्त छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण मिळाले, आणि ते आणणारे सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई होते. १९५५ च्या डिसेंबरात याच फिरोज गांधींनी विमा कंपन्यांच्या पैशाचा गैरवापर सभागृहात उघडा पाडला आणि पुढच्याच वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. भारतीय संसदेच्या सबंध इतिहासात आजवर चौदा खासगी विधेयके कायदा झाली, त्यांतले शेवटचे १९७० मधले. पन्नास वर्षांहून अधिक काळ एकाही साध्या खासदाराला आपल्या नावाचा कायदा करता आलेला नाही. आपण आपल्या मतदारसंघातून नेमके कोणाला आणि कशासाठी पाठवतो, हा प्रश्न या एका आकड्यात आहे.

मग घसरण कुठे झाली? माझे उत्तर असे की पहिल्या लोकसभेने चांगले वागून दाखवले, पण चांगले वागणे पुढच्यांवर बंधनकारक केले नाही. मावळणकर स्वतः अध्यक्ष झाल्यावरही काँग्रेसचे सदस्य राहिले. त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक होता: इंग्लंडमध्ये स्पीकर पक्ष सोडतो, कारण तिथे पुढच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध शक्यतो मोठे पक्ष उमेदवार देत नाहीत. इथे तो संकेत रुजला नाही, तर पक्ष सोडणारा अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत उघडा पडेल. म्हणजे आधी सर्व पक्षांनी अध्यक्षाची जागा बिनविरोध सोडायची, मग अध्यक्षाने पक्ष सोडायचा. तो करार कधी झालाच नाही. त्यांच्या आधी मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी १९२५ मध्ये स्वराज्य पक्ष सोडला होता, त्यांच्यानंतर १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी काँग्रेस सोडली. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. एखाद्याने मनाचा मोठेपणा दाखवायचा आणि पुढच्याने तो विसरायचा, हाच क्रम.

विरोधी पक्षनेत्याचेही तसेच. सभागृहाच्या एक-दशांश सदस्य असतील तरच पक्ष म्हणून मान्यता, हा दंडक मावळणकरांच्या काळातला. हेतू बाकांची आणि वेळेची वाटणी सोपी करण्याचा होता. मान्यता नसली तरी गोपालन, दोन्ही मुखर्जी, कृपलानी यांना वेळ मिळे, म्हणून कोणाला तो टोचला नाही. लोकसभेला पहिला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता मिळाला तोच मुळी १९६९ मध्ये. पण वेळ देण्याची वृत्ती गेली आणि दंडक उरला. सोळाव्या आणि सतराव्या लोकसभेत त्याच कारणाने विरोधी पक्षनेता नव्हता, आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्र विधानसभेतही हे पद याच अडथळ्याशी अडले.

आणि १९८५ मध्ये आपण अध्यक्षाच्या खांद्यावर एक ओझे टाकले, जे मावळणकरांवर कधी नव्हते. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाने आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा निवाडा अध्यक्षाकडे दिला. तोवर अध्यक्षाचा पक्षपात म्हणजे कोणाला बोलू दिले, कोणाला नाही, एवढ्यापुरता होता. आता त्याच्या एका सहीवर सरकार राहते किंवा जाते. ज्या खुर्चीवर सरकारचे आयुष्य टांगलेले आहे, तिथे सत्ताधारी पक्ष आपला सर्वांत भरवशाचा माणूस बसवणार. कोणताही पक्ष असो, तो असेच करील.

महाराष्ट्राने हे सगळे अंगावर घेतले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिला आणि विधानसभेचे अध्यक्षपद जुलै २०२२ पर्यंत रिकामे राहिले. महाविकास आघाडीच्या सरकारने मतदानाचे नियम बदलले, राज्यपालांनी निवडणुकीची तारीख मान्य केली नाही, महिने गेले. त्या पोकळीत २०२२ ची शिवसेनेतली फूट पडली, उपाध्यक्ष नरहरी झिरवळांच्या अपात्रतेच्या नोटिसा न्यायालयात गेल्या, मग सरकार बदलले आणि नव्या बहुमताने नवा अध्यक्ष निवडला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच पाठवला, पुढे तारखा बांधून द्याव्या लागल्या, आणि निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. तो बरोबर होता की चूक, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाले आहे. मला सलते ते हे: निकाल येण्याआधी महाराष्ट्रातला कोणताही माणूस, कोणत्याही पक्षाचा, तो काय असेल हे सांगू शकत होता. ज्या न्यायाधीशाचा निकाल त्याच्या पक्षावरून ओळखता येतो त्याच्याकडे न्यायाचे काम ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयानेच २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले आहे. संसदेने तो केलेला नाही.

‘विरोधक गोंधळच घालतात, अध्यक्ष तरी काय करणार?’ हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. २०१० चे सबंध हिवाळी अधिवेशन गोंधळात वाहून गेले तेव्हा आजचे सत्ताधारी विरोधात होते. मार्च १९८९ मध्ये ६३ खासदार एका दिवसात निलंबित झाले तेव्हा राजीव गांधींचे सरकार होते. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेतून १०० खासदार बाहेर काढले गेले आणि त्याच आठवड्यात भारतीय दंड संहितेची जागा घेणारा कायदा मंजूर झाला. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज वापरला जाणारा कायदा, आणि विरोधी बाके जवळपास मोकळी. गोंधळ आणि निलंबन या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत. बोलू देतील असा भरवसा असला की सदस्य भाषण तयार करून येतो. नसला की फलक घेऊन येतो. १९५४ चे विरोधक सभ्य घराण्यातले होते म्हणून अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरले नाहीत, असे मला वाटत नाही. त्यांचा ठराव कामकाजपत्रिकेवर येणार हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा मागणी नेमकी काय करायची? पहिली, अपात्रतेचा निवाडा अध्यक्षाकडून काढून घेणे. याला घटनादुरुस्ती लागेल आणि ती सहज होणार नाही, पण बाकी सारे याच्यावर अवलंबून आहे: हा अधिकार गेला की अध्यक्षपद ताब्यात ठेवण्याची सत्ताधाऱ्यांची निकड निम्मी होते आणि अध्यक्षाने पक्ष सोडण्याचा मावळणकरांनी मांडलेला करार बोलण्याजोगा होतो. दुसरी मागणी उपाध्यक्षाची. घटनेचा ९३ वा अनुच्छेद सांगतो की सभागृहाने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडावेत. सतराव्या लोकसभेने पाच वर्षे उपाध्यक्षाविना काढली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यावर केंद्राला नोटीस काढली. अठराव्या लोकसभेचे पहिले वर्ष संपले तरी पद रिकामेच होते. १९५४ मध्ये अध्यक्षावरच्या ठरावाच्या वेळी खुर्चीत बसायला अय्यंगार होते. मार्च १९५६ मध्ये अकाली म्हणून निवडून आलेले सरदार हुकुमसिंग उपाध्यक्ष झाले, इतक्या अवाढव्य बहुमतातही. हे पद विरोधकांना देण्याचा संकेत पुढे बराच काळ पाळला गेला आणि मग सोडून दिला. ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे किती दिवस, हे आता आकड्यात लिहायला हवे. साठ दिवस पुरेत.

यातल्या काही गोष्टींसाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. घटनेच्या २०८ व्या अनुच्छेदाने प्रत्येक विधानसभेला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्र विधानसभा ठरवू शकते की उपाध्यक्षाची निवड सभागृह स्थापन झाल्यापासून साठ दिवसांत व्हावी, एक-दशांशाची अट न लावता सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या गटनेत्याला बोलण्याचा पहिला मान मिळावा, अध्यक्षाविरुद्धच्या ठरावाची नोटीस ठरावीक दिवसांत चर्चेला यावी, राजीनामा दिलेल्या मंत्र्याला प्रत आधी न मागता निवेदन करू द्यावे. यासाठी नियम समितीच्या काही बैठका आणि सभागृहाचा एक ठराव लागतो. मुंबईतल्या किंवा नागपूरच्या पुढच्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही आमदाराला तो मांडता येईल.